दोनशे मीटरची अफरातफर

फळ्यावर मी पोहण्याच्या सरावाचं एकूण २४०० मीटर लिहिलं होतं आणि बेरीज होत होती २२००. चूक माझीच. पण ती पहाटे साडेपाचला, टोप्या घालून उभ्या असलेल्या पोरांसमोर, बँकेतून ऑडिटर म्हणून निवृत्त झालेल्या एका आजोबांनी काढावी?

हे आजोबा नातवाला तलावावर सोडायला येतात आणि घरी जात नाहीत. पहिल्या पायरीवर बसून माझा फळा वहीत उतरवून घेतात. लाल पेन वेगळं.

"सर, ६०० वॉर्मअप, ४०० ड्रिल, ४०० किक, ५०चे आठ, ४०० कूलडाऊन. २०० गेले कुठे?"

"चुकलं, काका."

"असू दे. पण मागच्या महिन्यात रोजचे ५२०० होते. आता २२००. फी तेवढीच!"

राज्य स्पर्धा दहा दिवसांवर आलीय. म्हटलं, काका, याला टेपर म्हणतात. महिनोन्‌महिने अंगात साठलेला थकवा उतरू द्यायचा. अंतर निम्म्यावर आणायचं, वेग मात्र शर्यतीचाच ठेवायचा, नाहीतर पोरं सुस्तावतात.

"म्हणजे परीक्षा तोंडावर आली की अभ्यास बंद!"

मग विहीर आली. ती येणारच होती. पाठीला डबा बांधून काकांना मामाने विहिरीत ढकललं होतं, तिसऱ्या दिवशी डबा सुटला आणि काका पोहायला लागले. त्यात टेपर नव्हता, फळा नव्हता, फी तर नव्हतीच. महाराष्ट्रात पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येक माणसाकडे अशी एक विहीर असते, आणि ती माझ्याच डोक्यावर रिकामी होते.

तोवर पोरांनी ५० मीटरचे आठ सुरू केले होते. दीड मिनिटाला एक. नातू तीस सेकंदांत भिंतीला हात लावतो आणि उरलेला मिनिट दम खातो. तो दम खाल्ला नाही तर पुढचा ५० शर्यतीच्या वेगाने जातच नाही, आणि मग या सेटला अर्थ नाही. काकांनी घड्याळ लावलं.

"चार मिनिटं पोहला आणि आठ मिनिटं उभा." मग वहीत बघून, "नाही, शेवटच्यानंतरची विश्रांती धरायची नाही. सात."

मी शेवटचा पत्ता टाकला. कोल्हापूरचा वीरधवल खाडे. २०१०, ग्वांगझू आशियाई स्पर्धा, ५० मीटर बटरफ्लाय, कांस्य. खजान सिंगच्या १९८६च्या रौप्यानंतर आशियाई स्पर्धांत पोहण्यात भारताला २४ वर्षांनी पदक मिळालं, आणि ती शर्यत २५ सेकंदांच्या आत संपली.

"मग २५ सेकंदांचंच शिकवा. तेवढ्याच प्रमाणात फी घ्या."

यावर हसायला हवं. मी हसलोही. पण आदल्या रात्री अकरापर्यंत मी हाच कागद घेऊन बसलो होतो. एकीचा खांदा दुखतोय, तिला पुल, म्हणजे नुसत्या हातांनी पोहणं, नको. एकाला १५०० मीटर पोहायचंय, त्याचा टेपर ५०वाल्यासारखा कापून चालत नाही. आणि एवढं सगळं तीन लेनमध्ये बसवायचं, कारण बाकीच्या लेनमध्ये सभासद पाण्यातून चालत भाजीचे भाव बोलतात. काकांचा नातू रात्री दहाला क्लासहून येतो आणि पावणेपाचला उठतो. थकवा उतरायला सगळ्यात आधी झोप लागते, हे मी त्याच्या घरी दोनदा सांगितलंय. ती बेरीज वहीत नसते.

शेवटी मी माती खाल्लीच. हिशोब जुळावा म्हणून कूलडाऊननंतर '२०० सैल' असं लिहून टाकलं. नातू माझ्याकडे बघत चार लांब्या मारून आला. आजोबांनी वहीत बरोबरची खूण केली.

आज मी एकूण लिहिलंच नाही. मार्कर फळ्याच्या कडेला ठेवून स्टॉपवॉच आणायला केबिनमध्ये गेलो. परत येतो तर खाली कोपऱ्यात, रेघ मारून, ठसठशीत अक्षरात: 'एकूण २०००. तपासले.' आणि शेजारी सही.