आमच्या बाथरूममधलं वाघरू

घरात एक मांजर असताना दुसरं आणायचं असेल, तर नव्याला आधी स्वतंत्र खोली द्या, असं सगळे जाणकार सांगतात. आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनीही हेच सांगायला सुरुवात केली, पण केसपेपरवरचा डोंबिवली पूर्वचा पत्ता वाचून ते मध्येच थांबले.

"वन बीएचके?"

मी मान डोलावली.

"मग बाथरूम," असं म्हणून त्यांनी पुढचं औषध लिहायला घेतलं.

आमची बिल्डिंग जुनी, त्यामुळे संडास वेगळा आणि बाथरूम वेगळं. ज्या कोणी हा नकाशा काढला त्याच्या दूरदृष्टीला माझा नमस्कार. साडेसातशे ग्रॅम वजनाच्या एका जीवाने आमचं बाथरूम ताब्यात घेतलं, तेव्हा निदान संडास आमच्याकडे राहिला.

हा जीव जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत सापडला. भर पावसात आईने बाकीची पिल्लं एकेक करून उचलून नेली आणि हे मागे राहिलं. माणूस म्हणून त्याला मान्यच नव्हता. जवळ गेलं की पाठीची कमान, शेपटीचा झाडू आणि एवढ्याशा तोंडातून 'खिस्स'. नवरा विकेटकीपिंगचे ग्लोव्हज चढवून गेला आणि सोसायटीच्या स्पर्धेतली परंपरा राखून त्याने हाही झेल सोडला. शेवटी वॉचमनने एका खोक्यात सुका बोंबील टाकला, पाच मिनिटं बिडी ओढली आणि शांतपणे झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी आमच्या धुण्याभांड्याच्या मावशींनी बाथरूमचं दार उघडलं आणि तितक्याच वेगाने लावलं. "ताई, आत वाघरू हाय. कपडे तुमचे तुम्ही धुवा." अशा रीतीने बारसं झालं.

डॉक्टरांनी दात बघितले, अजून निळेच असलेले डोळे बघितले आणि सांगितलं, सात-आठ आठवड्यांचा बोका आहे. पिल्लाला माणसाची सवय लागायचा खरा काळ जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यातला. म्हणजे मुदत जवळपास संपलीच होती, हातपाय हलवायला हवे होते. पण ठमीशी, म्हणजे आमच्या मूळ मांजरीशी, गाठ मात्र पंधरा दिवस घालायची नाही. रस्त्यावरच्या पिल्लाच्या अंगात काय काय दडलेलं असतं सांगता येत नाही. पिसवा आणि जंत दिसतात तरी. खरी भीती पॅनल्युकोपेनियाची, म्हणजे मांजरांच्या एका जीवघेण्या साथीच्या रोगाची. त्याचा विषाणू हातांवरून, कपड्यांवरून, चपलांवरून घरभर फिरतो आणि वर्षभरसुद्धा टिकून राहतो. ठमीचं लसीकरण झालेलं होतं, तरी डॉक्टरांनी बजावलं, त्याच्या खोलीतून बाहेर आलात की साबणाने हात धुवा. तेव्हापासून आमच्याकडे माणसं आंघोळ करून बाहेर आली की स्वयंपाकघरात जाऊन हात धुऊ लागली.

ठमीबद्दल सांगायला हवं. ती तिरंगी आहे, साडेचार किलोची आहे आणि सहा वर्षांपूर्वी मासळीबाजाराच्या गटाराकाठून आलेली आहे. यातलं शेवटचं तिला आठवत नाही. डोंबिवलीला धक्के मारून लोकलमध्ये चढलेला माणूस पुढे दिवा स्टेशनात दारात उभा राहून "आत जागा नाही" म्हणून ओरडतो, त्या सुरात ती बाथरूमच्या दारासमोर बसून गुरगुरायला लागली. मी नवऱ्याकडे बघितलं. नवरा रोज डोंबिवलीला चढतो. तो म्हणाला, "तिचं बरोबर आहे."

डॉक्टरांचा आणखी एक नियम होता. घरात जितकी मांजरं, त्याहून एक जास्त लिटर बॉक्स, म्हणजे शी-शूचा वाळूचा ट्रे, हवा. दोन मांजरांना तीन. आम्ही तीन माणसं, आम्हाला मिळून एक.

आता आंघोळ. वाघरू वॉशिंग मशीनच्या मागे राहायचं. दिसायचं नाही, पण असायचं. अंगावर तांब्या ओतला की मागून 'खिस्स'. साबण पडला की 'खिस्स'. उघड्या अंगाने, डोळ्यांत साबण गेलेला असताना, आपल्या पोटऱ्यांकडे कोणीतरी बघतंय हे माहीत असणं ही अवस्था शत्रूवरही येऊ नये. नवरा आठवडाभर ऑफिसच्या जिममध्ये आंघोळ करून आला. त्या जिमचा त्याने इतर कारणासाठी कधी उपयोग केल्याचं मला आठवत नाही.

आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मात्र वेळ बदलली नाही. पहाटे साडेपाचला त्या बादली घेऊन आत गेल्या आणि रोजच्यासारखं मोठ्याने सुरू केलं. "गंगे च" – खिस्स. "यमुने चैव" – खिस्स. "गोदावरि" – खिस्स. सगळ्या नद्या अशा फिसकारण्यातून वाहिल्या, पण आईंनी सूर सोडला नाही.

मी दिवसा शास्त्रीय मार्गाने चालले होते. मांजराकडे बघून सावकाश डोळे मिटायचे आणि सावकाश उघडायचे. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवून दिलंय की असं करणाऱ्या अनोळखी माणसाकडे मांजर जास्त सहज येतं. मी पाटावर बसून मशीनच्या फटीकडे बघत पापण्या मिटत-उघडत राहिले. आईंनी दारातून डोकावून विचारलं, "झोप आली असेल तर पलंगावर नीट आडवी का होत नाहीस?"

मग वासांची देवाणघेवाण. मांजराच्या गालांत आणि हनुवटीत गंधग्रंथी असतात. एकाच्या गालावर मोजा घासायचा आणि दुसऱ्याच्या ताटलीखाली ठेवायचा, म्हणजे परक्या वासाची जेवणाशी सांगड बसते. वाघराला हात कोण लावणार? त्याच्या निजायच्या जागी नवऱ्याचा मोजा रात्रभर टाकून ठेवला आणि सकाळी ठमीच्या ताटलीखाली सरकवला. ठमीने वास घेतला, वरचा ओठ उचलला आणि अर्धवट उघड्या तोंडाने माझ्याकडे बघत राहिली. मांजराच्या टाळूत वास चाखायचं एक वेगळं इंद्रिय असतं, त्यासाठी ते असं तोंड करतं. पण मोजा नवऱ्याचा असल्याने तिला नेमका कशाचा धक्का बसला हे ठरवता येईना.

पुढे दाराच्या दोन्ही बाजूंना ताटल्या मांडून एका वेळी जेवणं सुरू केली. आधी दारापासून लांब, मग रोज थोडं पुढे. ठमी एक घास खायची, दाराकडे बघून गुरगुरायची, पुन्हा खायची. तिचा राग उकडलेल्या मांदेलीपुढे रोज थोडा थोडा कमी पडायचा. एके दुपारी दाराखालच्या फटीतून एक काळा पंजा बाहेर आला आणि तिच्या ताटलीची कड चाचपू लागला. ठमी त्या पंजाकडे बघत राहिली. एवढा निर्लज्जपणा तिने आजवर फक्त स्वतःत पाहिला होता.

आणि तिकडे माझ्या पापण्या दुखायला लागलेल्या असताना वाघरू फुटलं ते आईंच्या आंघोळीत. हळूहळू खिस्स फक्त गंगेपुरतं उरलं, मग तेही गेलं. एका सकाळी कावेरीपर्यंत पोचलेल्या आई एकदम थांबल्या. आतून आवाज आला, "अगं, पायाशी आलंय. आणि मोटार चालू झालीये त्याची." रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या सुरात, त्याच्याकडे ढुंकूनही न बघता बोलणारं माणूस: घाबरलेल्या पिल्लाला याहून जास्त काही लागत नाही. मी तर सारखी बघत होते.

पंधरवडा उलटला, डॉक्टरांनी होकार दिला आणि दार उघडलं. नवरा मध्ये घालायला पुठ्ठा घेऊन उभा, मी टॉवेल घेऊन. ठमीने कान आडवे केले, वाघरू थेट तिच्या नाकापर्यंत गेलं. तिने नखं आत ठेवून एक चपराक दिली. ते कोलांटी खाऊन उठलं आणि पुन्हा गेलं. पुन्हा चपराक. असं बराच वेळ चाललं, मग ठमी कंटाळली. पुठ्ठा शेवटी आईंनी चुलीवरच्या दुधावर झाकायला नेला.

आता वाघरू घरभर हुंदडतं, पडद्यावर लटकतं आणि मावशींच्या पदराशी खेळतं. मावशी त्याला चोरून बिस्किटाऐवजी जवळा देतात. बाथरूम मोकळं झालं असं मात्र नाही. इतके दिवस एक दार बंद आणि त्याच्या आत जेवण जातंय, हे ठमीने पाहिलं होतं. तिने त्यावरून काढायचा तो अर्थ काढला. दार उघडल्या दिवसापासून ती वॉशिंग मशीनवर मुक्कामाला आहे, तिला ताटली तिथेच लागते आणि जेवताना आत कोणी आलेलं चालत नाही. नवऱ्याने पुन्हा जिमची बॅग काढलीय. आई तेवढ्या साडेपाचला आत जातात. ठमी त्यांना नद्या संपेपर्यंत वेळ देते.