सगळं खापर जजच्याच माथी?

न्यू यॉर्क यँकीज २०२४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका, लॉस एंजेलिस डॉजर्सकडून का हरले, असं त्यांच्या कुठल्याही चाहत्याला विचारा. ब्रॉन्क्समधला असो की न्यू जर्सीत राहून बेसबॉल शिकलेला आपला एखादा मराठी माणूस, उत्तर ठरलेलं असतं. ३० ऑक्टोबरचा पाचवा सामना, ५-० अशी आघाडी, आणि ॲरन जजने सेंटर फील्डमध्ये, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागात (आउटफिल्डमध्ये) मधोमध, सोडलेला हातातला झेल. तिथूनच सगळं गेलं म्हणे. मग पुरवणी येते. सहा फूट सात इंचाचा माणूस सेंटर फील्डमध्ये उभाच का केला? त्याला राइटला, म्हणजे उजव्या बाजूला ठेवायचं, लेफ्टला, म्हणजे डाव्या बाजूला खेळणाऱ्या व्हर्डुगोला बसवायचं, आणि सिरीजभर चाचपडणाऱ्या जजला बॅटिंगच्या क्रमात खाली ढकलायचं. म्हणजे मॅनेजर ॲरन बूनने संघच चुकीचा लावला आणि जजने त्याची किंमत दाखवून दिली.

यातला एक मुद्दा मला पटतो, त्याकडे येतोच. बाकीचं त्या सामन्याचा स्कोअरकार्ड समोर ठेवला की टिकत नाही.

आधी तो झेल. पाचव्या इनिंगपर्यंत यँकीजचा पिचर गेरिट कोलने डॉजर्सला एकही हिट दिलेला नव्हता. कीके हर्नांडेझने पहिला सिंगल मारला. मग टॉमी एडमनने मारलेला चेंडू सरळ जजकडे गेला, ग्लोव्हमध्ये बसला आणि बाहेर पडला. सोपा झेल होता, दुमत नाही. सामन्यानंतर जजने स्वतःही दोष अंगावर घेतला. पण पुढचे चार बॅटर एकेक करून पाहा.

विल स्मिथने शॉर्टस्टॉप व्होल्पीकडे ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून जाणारा फटका मारला. व्होल्पीने तिसऱ्या बेसकडे फेकलेला चेंडू टप्पा पडून गेला आणि तिथे उभ्या चिझमला धरता आला नाही. एक आउट इथे मिळायला हवा होता, मिळाला नाही. तिन्ही बेसवर डॉजर्स, म्हणजे बेस भरले. कोलने लक्सला स्ट्राइकआउट केलं, मग शोहेई ओतानीलाही. आता दोन आउट, अजून एकही रन नाही, ५-० जसेच्या तसे. आणि मुकी बेट्सने पहिल्या बेसच्या बाजूला एक संथ, फिरकी घेतलेला ग्राउंडर मारला. पहिल्या बेसवरचा रिझो चेंडूच्या फिरकीमुळे मागेच थांबला, कारण पिचर बेसवर धावेल हे त्याने गृहीत धरलं होतं. असा चेंडू गेला की पिचरने डोळे मिटून पहिल्या बेसकडे सुटायचं, हे शाळेतल्या पोरांनाही शिकवतात. कोल थांबला आणि रिझोकडे बोट दाखवत राहिला. बेट्स आरामात पोहोचला, पहिला रन आला. मग फ्रेडी फ्रीमनचा दोन रनचा सिंगल, तेओस्कार हर्नांडेझचा दोन रनचा डबल. ५-५.

हिशोब मांडा. जजने झेल सोडल्यानंतरही कोलने डॉजर्सकडून आउट होण्याजोगे चार चेंडू काढून घेतले होते: स्मिथचा ग्राउंडर, दोन स्ट्राइकआउट आणि बेट्सचा ग्राउंडर. इनिंग संपायला लागतात तीन. व्होल्पीची फेक नीट गेली असती, तर ओतानीच्या स्ट्राइकआउटवर संघ ५-० ने डगआउटमध्ये परतला असता. ती चुकली तरी बेट्सच्या ग्राउंडरवर दुसरी संधी होती. जजचा झेल हा या साखळीतला पहिला दुवा होता, पण तुटण्याची वेळ दोनदा येऊनही ती तुटली नाही. आणि गंमत म्हणजे या सगळ्यातली सर्वांत महागडी चूक, कोलची, अधिकृत नोंदीत एरर म्हणून नाहीच. बेट्सच्या नावावर साधा सिंगल लिहिला गेला. जजची चूक एरर म्हणून छापली जाते, व्हिडिओत उठून दिसते, म्हणून ती पुढे ढकलली जाते. न धावलेल्या पिचरचा कसला व्हिडिओ फिरणार?

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या लोकांना हा दावा इतका चटकन का पटतो, तेही कळतं. आपल्याकडे शून्यावर जीवदान मिळालेला फलंदाज दीडशे करून जातो आणि मग सगळा दिवस त्या एका झेलावर लिहिला जातो. बेसबॉलमध्ये झेल सुटला तर त्या बॅटरला एक बेस मिळतो, आणि पुढचा बॅटर लगेच उभा राहतो. एडमनने त्या जीवदानाचं पुढे काही केलं नाही, दुसऱ्यांच्या फटक्यांवर तो फक्त पळत आला.

शिवाय त्या पाच रननंतर सामना संपलाही नव्हता. सहाव्या इनिंगमध्ये स्टँटनच्या सॅक्रिफाइस फ्लायवर (झेल जाऊनही रन मिळवून देणारा उंच फटका) यँकीज ६-५ ने पुढे गेले. आठव्यात पिचर केनलीने दोन सिंगल आणि एक वॉक (चार चेंडू बाहेर टाकल्यामुळे बॅटरला मिळणारा बेस) देऊन बेस भरून दिले, मग त्याच्या जागी विव्हर आला. लक्सचा सॅक्रिफाइस फ्लाय, कॅचर वेल्सचा ग्लोव्ह ओतानीच्या बॅटला लागल्यामुळे मिळालेला फुकटचा बेस, बेट्सचा सॅक्रिफाइस फ्लाय. ७-६. सामना ठरवणाऱ्या त्या दोन फ्लायवर आउटफिल्डने चेंडू व्यवस्थित झेलले होते.

आता दुसरा मुद्दा: जज सेंटरला नकोच होता. यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. सेंटर फील्डरबद्दलची रास्त तक्रार असते ती रेंजची, म्हणजे डावी-उजवीकडे किती जमीन तो झाकतो याची. एडमनचा चेंडू तर त्याच्या अंगावर आला होता. तो राइटला उभा असताना असाच चेंडू आला असता तरी तसाच निसटू शकला असता. रेंजवर बोलायचं असेल तर त्याच सामन्याच्या चौथ्या इनिंगमध्ये त्याने भिंतीवर आदळून फ्रीमनचा फटका पकडला, तेही मोजा. ‘राइटला सुरक्षित’ हेही मनाचं समाधान आहे. जून २०२३ मध्ये डॉजर स्टेडियममध्ये राइट फील्डच्या कुंपणावर आदळून त्याच्या पायाच्या अंगठ्याचं लिगामेंट फाटलं होतं, आणि त्यातून तो जवळपास दोन महिने बाहेर बसला.

जज सेंटरला का गेला, याचं कारण साधं आहे: हुआन सोटो. डिसेंबर २०२३ मध्ये सॅन डिएगो पाद्रेसकडून सोटो आणि ट्रेंट ग्रिशम आले, त्याच आठवड्यात बोस्टनकडून ॲलेक्स व्हर्डुगो आला. सोटो राइटला, व्हर्डुगो लेफ्टला, मग मधली जागा जजची. त्या बदल्यात सोटोने ४१ होम रन मारले आणि १२९ वॉक घेतले, जजने ५८ होम रन मारून ३२२ च्या सरासरीने (म्हणजे हजारात ३२२ हिट) एमव्हीपी, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. हे दोघे एकापाठोपाठ बॅटिंगला येत होते म्हणून तो संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत गेला. सेंटरमधली थोडीफार रेंज ही त्याची किंमत होती आणि ती मोजण्यासारखी होती.

पटणारा मुद्दा इथे आहे. व्हर्डुगोने त्या मोसमात २३३ च्या सरासरीने १३ होम रन मारले. ग्रिशमची सरासरी १९०, म्हणून त्याला कुणी मोजत नव्हतं. पण वॉक आणि लांब फटके धरून ओपीएस काढला तर व्हर्डुगोचा ०.६४७ आणि ग्रिशमचा ०.६७५. म्हणजे बॅटनेही ग्रिशम थोडा पुढेच होता, आणि क्षेत्ररक्षणात तो दोनदा गोल्ड ग्लोव्ह मिळवलेला सेंटर फील्डर. ग्रिशम मध्ये, जज राइटला, सोटो लेफ्टला, व्हर्डुगो बाकावर. सोटो वॉशिंग्टनमध्ये सुरुवातीची वर्षं लेफ्टलाच खेळला होता, त्यामुळे त्याला ती जागा परकी नव्हती. हा संघ बूनने निदान ऑगस्टमध्ये करून पाहायला हवा होता. ऑक्टोबरमध्ये सोटोला नव्या जागी हलवणं मात्र जुगार झाला असता. चाहत्यांचा दुसरा लाडका पर्याय डोमिंगेझ. तो तेव्हा २१ वर्षांचा होता, त्याने सप्टेंबरमध्ये १७९ च्या सरासरीने बॅटिंग केली आणि लेफ्टला चेंडूंचा अंदाज चुकवला. त्याच्यासाठी व्हर्डुगोला बसवा म्हणणाऱ्यांना भविष्य दिसत होतं, पण त्या आठवड्याचा सामना दिसत नव्हता.

बॅटिंगच्या क्रमाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जज पहिल्या तीन सामन्यांत १२ पैकी १, त्यात ७ स्ट्राइकआउट. हे वाईटच होतं, आणि त्याला दोष द्यायचा असेल तर ग्लोव्हपेक्षा या बॅटला द्यावा: त्या तीन सामन्यांत संघाचे रन ३, २ आणि २. पण सोटोच्या मागे जज उभा आहे, या भीतीनेच पिचरला सोटोला खेळण्याजोगे चेंडू टाकावे लागतात. पाचव्या सामन्याच्या पहिल्याच इनिंगमध्ये सोटो बेसवर असताना जजने होम रन मारला. त्याला पाचव्या क्रमांकावर ढकला म्हणणारे त्या क्षणी टाळ्या वाजवत होते.

आउटफिल्डवर एवढा काथ्याकूट करताना पहिल्या सामन्याची आठवण कुणी काढत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं. दहाव्या इनिंगमध्ये यँकीज ३-२ ने पुढे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर डॉजर्स, समोर ओतानी. बूनने नेस्टर कोर्टेसला आणलं, जो दुखापतीमुळे सप्टेंबरच्या मध्यापासून सामन्यात उतरला नव्हता. ओतानीचा रेषेबाहेर उडालेला फटका (फाउल) व्हर्डुगोने पळत जाऊन पकडला आणि तोल जाऊन तो प्रेक्षकांत कोसळला. उत्तम झेल. पण झेल घेऊन फील्डर मैदानाबाहेर पडला की धावणाऱ्यांना एकेक बेस मिळतो. दुसरा-तिसरा बेस भरला, पहिला रिकामा झाला, म्हणून बेट्सला मुद्दाम वॉक दिला, आणि फ्रीमनने पहिल्याच चेंडूवर ग्रँड स्लॅम, म्हणजे बेस भरलेले असताना होम रन मारला. सिरीजमधला बूनचा सर्वांत वादग्रस्त निर्णय हा होता, आणि तो आउटफिल्डचा किंवा बॅटिंगच्या क्रमाचा नव्हताच.

एका माणसावर सिरीज लिहून टाकण्याची सवय बेसबॉलला जुनी आहे. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये बोस्टनच्या बिल बकनरच्या पायांमधून चेंडू गेला आणि बोस्टनने त्याला वर्षानुवर्षं माफ केलं नाही. तो चेंडू निसटला तेव्हा सामना आधीच ५-५ असा बरोबरीत आला होता. दोन आउट आणि बेस रिकामे असताना तीन सिंगल आणि एक वाइल्ड पिच (कॅचरच्या आवाक्याबाहेर गेलेला चेंडू) देणारे पिचर विसरले गेले. त्या रात्रीनंतर सातवा सामनाही शिल्लक होता, तोही बोस्टन हरलं.

चाहत्यांनी मागितलेला संघ यँकीजनी पुढच्याच वर्षी उतरवला, अर्थात सोटो न्यू यॉर्कच्याच दुसऱ्या संघाकडे, मेट्सकडे, गेल्यामुळे. जज राइटला, बेलिंजर लेफ्टला आणि बरेचदा ग्रिशम सेंटरला. ग्रिशमने ३४ होम रन मारले, जजला पुन्हा एमव्हीपी मिळालं. ऑक्टोबर २०२५ मध्ये टोरंटोने त्यांना ३-१ ने घरी पाठवलं. शेवटच्या सामन्यात सातव्या इनिंगला चिझमच्या हातून एक ग्राउंडर निसटला, आणि त्यानंतरच्या सिंगलवर टोरंटोने दोन रन काढले.