मुंबई पुन्हा पाहताना घ्यावयाची खबरदारी

पहिल्यांदा मुंबईला जाणाऱ्या गोवेकराला सल्ला देण्यात अर्थ नाही. त्याला कुणीतरी नेतं, तो जातो. दादरच्या पुलावर चुकतो, लोकलमध्ये उलट्या बाजूच्या दाराशी उभा राहतो आणि घरी परतल्यावर सगळं खरंखरं सांगून मोकळा होतो. सावध राहायचं ते पुढच्या खेपांना. कारण तोवर तुम्ही वाड्यावर ‘मुंबई माहीत असलेला माणूस’ झालेले असता, आणि हे पद टिकवायचं तर मुंबईत नवीन काही दिसू देऊन चालत नाही. नवीन दिसलं म्हणजे आधी ते माहीत नव्हतं, हे उघड होतं. पेडण्यापासून काणकोणपर्यंत प्रत्येक गावात असे अनुभवी लोक आहेत. त्यांच्याकडे पाहून जे शिकता आलं, ते इथे देतो.

आधी मनाची बैठक पक्की करा. मुंबई ही आपलीच. 1661 च्या तहात पोर्तुगीजांनी ती राजकन्या कॅथरीनच्या लग्नात इंग्रजांच्या राजाला हुंडा म्हणून कबूल केली. गोव्याच्या व्हाइसरॉयला, आंतोनियो दे मेलो ए कास्त्रोला, हे मुळीच पटलं नव्हतं. त्याने जमेल तितकी टाळाटाळ केली आणि बेट प्रत्यक्ष हातचं सुटलं ते 1665 मध्ये. पुढे 1668 ला इंग्रजांच्या राजाने ते कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकलं. दहा पौंडांत आज फोर्टमध्ये चार माणसांचं बऱ्यापैकी जेवणसुद्धा होत नाही. एरवी 19 डिसेंबर 1961 नंतर पोर्तुगीजांचं काहीही आपलं म्हणवून घ्यायला आपण तयार नसतो, पण मुंबईपुरती सूट घ्यावी. एकदा हे मनात ठसलं की रस्ता विचारावा लागत नाही. आपल्याच जुन्या मालमत्तेत कुणी पत्ता विचारतं का? चर्चगेटहून निघून गेटवेऐवजी मंत्रालयापाशी पोचलात तर ‘इकडे जरा काम होतं’ म्हणावं.

सामानात नारळ, सोलं, काजू, उकडे तांदूळ आणि गाडीभर दरवळेल इतका सुका बांगडा असावा. कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून पहाटे दादरला उतरावं आणि तिथून डोंबिवलीच्या मावशीकडे जावं. मुक्काम डोंबिवलीलाच करावा, हे महत्त्वाचं. डोंबिवलीहून फोर्टात जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, त्यामुळे निम्मी मुंबई आपोआप टळते.

उरलेल्या निम्म्यात पहिला मान समुद्राचा. होय, समुद्राचा. तुमचं घर मिरामारपासून वीस मिनिटांवर असेल, तिथे तुम्ही शेवटचे गेलात ते गणपती पोचवायला, हेही असेल. तरी मुंबईत संध्याकाळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तासभर बसलंच पाहिजे. बसून ‘इथला वारा काही वेगळाच’ असं म्हणावं. वारा तोच, अरबी समुद्रही तोच, वर पुढ्यात वाळूच्या जागी सिमेंटचे तिकाटणे. पण मिरामारला जाऊन असं बोललात तर शेजारी तब्येतीची चौकशी करतील.

समुद्रानंतर अटल सेतू. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा हा पूल 12 जानेवारी 2024 ला सुरू झाला, लांबी जवळपास 22 किलोमीटर, आणि हल्लीच्या प्रत्येक खेपेत तो दाखवायला कुणीतरी भाचा गाडी काढतोच. पणजीतही एक अटल सेतू आहे, मांडवीवरचा तिसरा पूल, 27 जानेवारी 2019 पासूनचा. त्याच्यावरून तुम्ही रोज कामाला जाता आणि रोज सरकारला शिव्या देता. मुंबईच्या सेतूवर मात्र काच खाली करून व्हिडिओ काढावा. भाच्याने टोल भरला की ‘आमच्याकडे फुकट’ एवढं हळूच म्हणावं.

आता खऱ्या संकटाकडे वळू. मुंबईत संग्रहालयं आहेत.

गेटवे ऑफ इंडियावर तुम्ही दर खेपेला जाता, त्याला हरकत नाही. कबुतरं, फोटोवाले आणि ताजचं घुमट यांच्यापलीकडे तिथे काही पाहावं लागत नाही. पण तिथून चालत पाच-सात मिनिटांवर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, आणि बरोबरच्या एखाद्या शाळकरी पोराच्या तोंडून ते नाव निघू शकतं. गेटवे ज्या जॉर्ज विटेटने उभारलं, त्यानेच ही इमारतही बांधली. 1905 मध्ये पायाभरणी झाली, पहिल्या महायुद्धात तिथे लष्करी इस्पितळ होतं, आणि 1922 पासून ती लोकांसाठी उघडी आहे. म्हणजे तिला टाळण्याची परंपराही शंभर वर्षांहून जुनी आहे, ती आपल्या पिढीत खंडित होऊ नये. पोर ऐकेचना, तर आत जावं, पण पंख्याखालून पंख्याखाली अशा बेताने. अकबराचं चिलखत पाहून ‘केवढा ठेंगणा असेल नाही’ म्हणावं. शिल्पांपुढे एका जागी फार वेळ उभं राहू नये, पोरं प्रश्न विचारतात. कुठल्याही मूर्तीकडे बोट दाखवून ‘असलं आमच्या तांबडी सुर्लाला आहे’ असं ठोकून द्यावं. तांबडी सुर्लाच्या देवळात तुम्ही शाळेच्या सहलीबरोबर गेला होतात आणि तेव्हा सगळं लक्ष नदीत डुंबण्याकडे होतं, हे त्याला कशाला कळायला हवं?

भायखळ्याला तर फारच जपून राहावं लागतं. राणीच्या बागेत पेंग्विन आहेत. 2017 पासून अख्खा महाराष्ट्र आणि निम्मा गोवा ते बघून आला. काचेपलीकडे थंडीत उभे असलेले ते पक्षी बघायला आपण उन्हात रांग लावतो. आता गोम अशी की त्याच आवारात, आत शिरल्याबरोबर, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. मुंबईतलं सर्वांत जुनं, 1872 चं. पूर्वी नाव व्हिक्टोरिया राणी आणि तिच्या नवऱ्याचं होतं, 1975 मध्ये बदललं. आणि ज्यांचं नाव दिलं ते भाऊ दाजी मूळचे आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचे! ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, शिलालेख वाचणारे, दोनदा मुंबईचे शेरीफ झालेले, या संग्रहालयासाठी लोकांकडे हिंडून पैसा उभा करणाऱ्यांतले एक. आज मांद्र्याला रशियन पाहुण्यांसाठी मेन्यूकार्ड कुठल्या भाषेत छापावं यावर लोक तावातावाने बोलतात, भाऊ दाजींवर कुणी बोलताना मी तरी ऐकलेलं नाही. तेव्हा तुम्हीही मान खाली घालून सरळ पेंग्विनांकडे चालू लागावं. आत गेलात तर जुन्या मुंबईतल्या जातीजमातींच्या आणि कारागिरांच्या मातीच्या बाहुल्या दिसतील, त्यात आपले आजे-पणजे ओळखीचे वाटू लागतील, आणि सुट्टीचा विचका होईल.

एवढं करूनही बाहेर उभा असलेला दगडी हत्ती आडवा येतोच. घारापुरीच्या किनाऱ्यावर हा असायचा. त्याला पाहून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, उचलताना क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे जोडून 1914 मध्ये तो पुन्हा उभा केला, इथे, भायखळ्याला. म्हणजे लोक तासभर लाँचने हेलकावे खात हत्तीच्या बेटावर जातात आणि हत्ती मात्र पेंग्विनांच्या शेजारी. मला स्वतःला मुंबईतली ही सर्वांत आवडती गोष्ट आहे, पण ती तुम्हाला सांगून मी माझ्याच लेखाचा घात करतोय, तेव्हा विसरा.

ज्यांना इतकं जपणं झेपत नाही, त्यांच्यासाठी वारांचा उपाय. भाऊ दाजी लाड बुधवारी बंद असतं आणि पेंग्विनांची बागही, तेव्हा भायखळा बुधवारीच करावा. आणि सोमवार तर गोव्याच्या हिंदू माणसासाठीच घडवला आहे. सोमवारी घारापुरी बंद. सोमवारी काळा घोड्याचं राष्ट्रीय आधुनिक कला दालन बंद, त्यामुळे आपल्या साळगावात जन्मलेल्या चित्रकार सोझाने 1947 मध्ये याच शहरात मित्रांना जमवून चित्रकलेत काय धुमाकूळ घातला, हे कुणी तुमच्या कानी घालण्याचा संभव नाही. आणि सोमवारी आपल्यात मासेही खात नाहीत, त्यामुळे जेवणाचाही प्रश्न मिटला. इतका सर्वांगांनी रिकामा दिवस दुसऱ्या कुठल्या शहरात मिळेल?

मंगळवारी मात्र भूक लागते, आणि इथे सल्ला थोडा विस्ताराने द्यावा लागेल.

मुंबईत खायला काय नाही? धोबीतलावाला 1904 पासूनची कयानी आहे, बॅलार्ड इस्टेटला 1923 पासूनची ब्रिटानिया आहे, माटुंग्याला सकाळी सातपासून इडलीसाठी रांगा आहेत, मोहम्मद अली रोड आहे, गिरगावात मिसळ आहे. हे सर्व मावशीच्या जावयाला तोंडपाठ असतं आणि तो बिचारा उत्साहाने सांगतोही. त्याचं पूर्ण ऐकून घ्यावं. मग विचारावं, ‘इथे चांगली शीतकडी कुठे मिळते?’ शीतकडी म्हणजे आपली माशाची कढी आणि भात.

बारा तासांचा प्रवास करून तुम्ही मुंबईत आलात ते बांगड्याचं हुमण खायलाच, याविषयी जावयाच्या मनात शंका राहता कामा नये. मग तो तुम्हाला दादरला किंवा वांद्रे पूर्वेला एखाद्या ‘गोमंतक’ नावाच्या ठिकाणी घेऊन जाईल. बाहेर टोकन घेऊन तिष्ठत उभं राहावं लागेल, ते राहावं. गावात जेवायला बसताना पान वाढायला दोन मिनिटं उशीर झाला तर आपण ताट सरकवतो, पण ते गावात. आत टेबलावर बसल्या बसल्या कणकवलीकडच्या वेटरला विचारावं, ‘मासे ताजे आहेत?’ तो ‘आहेत’ म्हणेल. त्याने ‘नाहीत’ म्हटल्याचं कुणी ऐकलेलं नाही, पण विचारणं हे आपलं कर्तव्य. इसवणाला तो सुरमई म्हणेल, तेव्हा दुरुस्त करावं. तो सांगेल त्या भावाला दचकून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला भाव मोठ्याने सांगावा. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून पाहू लागले म्हणजे आवाज पुरेसा आहे. जून-जुलैत गेलात तर विशेष आग्रह धरावा. तेव्हा ट्रॉलर गोव्यातही बंद असतात आणि मुंबईतही, पण बर्फातला मासा कुठला हे ओळखण्याची संधी या महिन्यांतच मिळते.

थाळी आली की पहिला घास घेऊन डोळे मिटावेत. जावई आशेने पाहत असतो. मग हलकेच म्हणावं, ‘बरं आहे. तिरफळं घातलेली दिसत नाहीत.’ सोलकढीचा एक घोट, पुन्हा थोडा विराम, ‘नारळ आपला नव्हे.’ एवढ्यावर थांबावं. सगळं ताट चाटूनपुसून संपवायचं, पण चेहऱ्यावर तडजोड दिसली पाहिजे. पैसे जावयाने द्यायचे असतात.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला तो कंटाळून तुम्हाला न विचारता इराण्याकडे नेईल. तिथे बनमस्का समोर आला की पाव मुंबईत गोव्याकडून आला, ही हकिकत सुरू करावी. चहा गार होईस्तोवर पुरते. बाकी खाण्याचं धाडस करण्याचं कारण नाही. संध्याकाळी वडापाव चालतो, तो मोजत नाहीत.

नाटक बघायचं तर शिवाजी मंदिरात बघावं आणि मध्यंतरात म्हणावं की आमच्या जत्रेत गावच्या पोरांनी याहून बरं केलं होतं. हे मधूनमधून खरंही असतं, तेव्हा यात उपरोध शोधू नका. विलेपार्ल्याच्या नाट्यगृहाला आपल्या मंगेशीच्या मास्टर दीनानाथांचं नाव आहे, एवढं मावशीला ऐकवलंत की कलेचा भाग संपला.

परत आल्यावर वृत्तांत द्यावा लागतो. ‘आता मुंबईत काही राहिलं नाही’ हे वाक्य कधीही जुनं होत नाही. काय राहिलं नाही, असं कुणी विचारत नाही, कारण ऐकणाऱ्यांपैकी निम्मे तेच न बघून आलेले असतात. 

खरी पंचाईत मे महिन्यात. मावशी, जावई आणि ते शाळकरी पोर गोव्याला येतात, तीही काही पहिल्यांदा नव्हे. आल्याबरोबर जावई विचारतो, ‘इथे चांगला वडापाव कुठे मिळतो?’ या माणसाशी आपलं जमतं. त्याला घेऊन कळंगुटला जावं, मंगेशीला जावं, मांडवीत बोटीवर नाचणारे लोक दाखवावेत. पोर मात्र कुठूनसं वाचून आलेलं असतं. त्याला जुन्या गोव्यातलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय बघायचं असतं, तेच, सेंट फ्रान्सिसच्या चर्चला लागून असलेलं, जिथे गोव्यावर राज्य केलेल्या व्हाइसरॉय मंडळींची चित्रं ओळीने लावली आहेत. तो तुम्हाला विचारतो, मुंबई सोडायला तयार नव्हता तो व्हाइसरॉय यात कुठला? तुम्हीच तर त्याला ती गोष्ट सांगितलेली असते.

घाबरू नका. ते शुक्रवारी बंद असतं. पाहुणे शुक्रवारी नेमके नसले, तर सुट्टीच्या दिवसांत जुन्या गोव्याला गाडी लावायला जागा मिळत नाही, असं सांगावं. ते खोटंही नसतं. आणि तरीही पोर हटून बसलं, तर त्याला बसने पाठवावं, बरोबर मावशीला द्यावं, आणि परत आल्यावर काय पाहिलं ते नीट विचारून घ्यावं. पुढल्या खेपेला मुंबईत सांगायला उपयोगी पडतं.