रोबोट बासरी वाजवतो, म्हणून मुलांनी सोडायची?

माणसासारखा रोबोट बासरी वाजवतोय, अशा एका व्हिडिओसोबत मजकूर फिरतोय. जगात हे पहिल्यांदाच घडलं, रोबोट गाणी ऐकून आपोआप शिकला, त्याला एक दिवस पुरला, तेव्हा मुलांची वर्षं वाद्यात घालवू नका! हे वाचून आमच्या ताईने भाचीचा बासरीचा क्लास बंद करायचं मनावर घेतलंय. मग गप्प कसं बसायचं?

पहिल्यांदाच म्हणे. जपानमधल्या वासेदा विद्यापीठाचा वाबोट-२ हा रोबोट १९८४ साली कॅमेऱ्याने नोटेशन वाचून हातापायांनी ऑर्गन वाजवत होता. आणि जाक द व्होकांसाँ या फ्रेंच संशोधकाने बासरी वाजवणारा माणसाएवढा यांत्रिक पुतळा पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे ठेवला तो १७३८ मध्ये.

‘एका दिवसात’ हे मात्र धडधडीत खोटं आहे, आणि ताईला तेच पटलंय. व्होकांसाँने स्वतःच्या पुतळ्यावर त्याच वर्षी निबंध लिहिला. त्यात सगळं आहे. आत नऊ भाते: तिघांवर जास्त वजन, तिघांवर कमी, उरलेल्यांवर काहीच नाही. म्हणजे हवेचे तीन वेगळे दाब. ओठ उघडमीट करायचे, शिवाय पुढेमागे सरकायचे. जीभ हवा अडवायची आणि सोडायची. बोटांच्या टोकांना चामडं. एवढ्या खटाटोपातून चाली निघाल्या बारा.

एवढं का लागलं? कारण आडव्या बासरीत सूर नुसत्या बोटांनी ठरत नाही. हवेची धार फुंकायच्या भोकाच्या कडेवर किती वेगाने आणि कुठल्या कोनात आदळते, त्यावर ठरतो. बोटं तशीच ठेवून वरचं सप्तक काढायचं, तर ओठ आवळून धार बारीक आणि जोरकस करावी लागते. जरा चुकलं की सूर फाटतो, नाहीतर नुसती हवा. भाची आरशासमोर बसून हेच तर करते! वासेदातल्या आत्सुओ ताकानिशी यांच्या गटाने बासरीवादक रोबोटवर १९९० च्या सुमारास काम सुरू केलं आणि त्याची कृत्रिम फुप्फुसं, ओठ पुढे वर्षानुवर्षं सुधारत नेले.

‘ऐकून शिकला’ यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या गिल वाइनबर्ग यांचा, मरिम्बा हे काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य वाजवणारा रोबोट शिमोन हजारो गाण्यांच्या डेटावरून स्वतःची रचना करतो. पण पुढचा सूर कोणता हे ठरवणं वेगळं आणि तो ओठांतून काढणं वेगळं. शिमोनच्या हातात काठ्या आहेत, त्याला फुंकावं लागत नाही.

राहिला मुलांनी शिकू नये हा सल्ला. वासेदाचा रोबोट मुळात माणूस बासरी कशी वाजवतो हे समजून घेण्यासाठी बनवला गेला, आणि पुढे त्याच गटाने नवशिक्यांना शिकवण्यासाठी तो वापरून पाहिला. ज्यांनी रोबोट घडवला तेच माणसांना बासरी शिकवू पाहत होते. ताई, क्लास चालू ठेव.