वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर आणि पोटातला फुगवटा

सध्या एक मेसेज फिरतोय: ‘वरच्या-खालच्या बीपीतलं अंतर 60च्या वर गेलं म्हणजे धमन्या कडक झाल्या. कडक झालेली पोटातली महाधमनी फुगते आणि फुटते. मधुमेह्यांना धोका दुप्पट. रोज लसणाचं पाणी प्या.’

पहिलं वाक्य बरंचसं खरं आहे. उतारवयात 160/80 असं बीपी, म्हणजे 80चं अंतर, हे बहुधा महाधमनी (हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी धमनी) कडक झाल्याचं लक्षण. पुढची उडी मात्र चुकते. इंग्लंडमधल्या साडेबारा लाख लोकांच्या नोंदींवर 2014 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात पोटातल्या महाधमनीच्या फुगवट्याचं नातं जास्त जुळलं ते खालच्या बीपीशी. अंतराशी नातं उलटं निघालं: अंतर जास्त, तर हा धोका किंचित कमी. आता 150/100 वाला माणूस घ्या. अंतर फक्त 50, म्हणून तो मेसेज वाचून निर्धास्त होणार!

फुगलेला भाग कडक असतो, हे खरंच. धमनीच्या भिंतीतलं इलास्टिन हे लवचीक प्रथिन तुटतं, मोठेपणी ते नीट भरून येत नाही, आणि सगळा भार कोलॅजेन या चिवट प्रथिनावर येतो. पण भिंत फुगत जाते ती हे कोलॅजेनही दाह आणि विकरांपुढे (प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइम्सपुढे) हरू लागतं तेव्हा. मधुमेहात साखरेमुळे कोलॅजेनचे धागे एकमेकांना जखडतात. भिंत कडक होते, पण विकरांना सहज दाद देत नाही, असं मानलं जातं. कारण काहीही असो, मधुमेह्यांमध्ये हा फुगवटा कमी आढळतो आणि हळू वाढतो. (हृदय-मूत्रपिंडाला मात्र ही सवलत नाही.)

सगळ्यात मोठं कारण, बिडी-सिगारेट, मेसेजमध्ये नावालाही नाही.

लसणाचं म्हणाल, तर प्रोप्रॅनोलॉल आणि डॉक्सिसायक्लिन ही औषधंसुद्धा चाचण्यांमध्ये फुगवट्याची वाढ रोखू शकली नाहीत.

निदान बीपीच्या मशीनवर होत नाही, पोटाच्या साध्या सोनोग्राफीत होतं. उपाशीपोटी जावं, म्हणजे गॅस आड येत नाही. साधारण 2 सेंमीची महाधमनी 3 सेंमी झाली की फुगवटा म्हणतात. पुरुषात 5.5, बाईत 5 सेंमीला शस्त्रक्रियेचा विचार होतो. बीपी तेवढंच राहिलं तरी 2चे 5.5 होताना भिंतीवरचा ताण पावणेतीन पट होतो. सिगारेट ओढणाऱ्या किंवा पूर्वी ओढलेल्या पुरुषाने 65 ते 75 या वयात एकदा ही तपासणी करून घ्यावी. फुगवटा माहीत असताना पोटात किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली, घेरी आली, तर सोनोग्राफीची तारीख घेत बसू नये. रक्तवाहिन्यांचा सर्जन असलेलं रुग्णालय गाठावं.