टॅबलेटसाठी वेगळं ॲप कशाला?

‘टॅबलेटवर ॲप नीट दिसायला हवं असेल तर ते वेगळंच लिहावं लागतं’ हा सल्ला नवख्या डेव्हलपरना सर्रास दिला जातो. कारणं तीन सांगतात: फोनची मांडणी मोठ्या स्क्रीनवर ताणली जाते, दोन्ही एकत्र केलं की ॲप जड होतं, आणि टॅबलेट हे उपकरणच वेगळं.

मांडणी ताणली जाते, हे खरं. दहा इंची स्क्रीनभर पसरलेली मराठी ओळ संपवून पुढची ओळ शोधताना नजर चुकतेच. पण त्यावर दुसरं ॲप हा उपाय नव्हे. जागा असेल तर यादी डावीकडे आणि तपशील उजवीकडे ठेवा, नसेल तर तेच दोन भाग एकामागून एक दाखवा. अँड्रॉइडमध्ये यासाठी फ्रॅगमेंट, म्हणजे पडद्याचे सुटे, हवे तसे जोडता येणारे भाग, २०११ पासून आहेत.

वजन मांडणीच्या फाइलींनी फारसं वाढत नाही, चित्रांनी वाढतं. प्ले स्टोअरवर नव्या ॲपना ऑगस्ट २०२१ पासून ॲप बंडल सक्तीचं आहे, म्हणजे ॲपचे सगळे भाग एकत्र द्यायचे आणि स्टोअर त्यातले लागतील तेवढेच पाठवतं; त्यामुळे ज्या-त्या उपकरणाला त्याच्याच स्क्रीनच्या घनतेची (पिक्सेल किती दाट आहेत त्यानुसार) चित्रं मिळतात. ॲपलकडे अशी सोय २०१५ पासून आहे.

तिसरं कारण सगळ्यात चुकीचं, आणि नुकसानही त्यानेच होतं. २०१५ मध्ये आयओएस ९ आलं आणि आयपॅडवर दोन ॲप शेजारी-शेजारी चालू लागली. अशा वेळी उपकरण आयपॅडच असतं, पण तुमच्या वाट्याला येणारी जागा फोनइतकी अरुंद असू शकते. घडीचा फोन उघडला की नेमकं उलट होतं. मग ‘हा टॅबलेट आहे का?’ असं विचारणारा कोड दोन्हीकडे फसतो. विचारायचं ते खिडकीच्या, म्हणजे ॲपला मिळालेल्या जागेच्या, रुंदीबद्दल. गूगलची विभागणी सोपी आहे: ६०० डीपीच्या (स्क्रीनच्या घनतेवर न अवलंबणारं अँड्रॉइडचं माप) आत अरुंद, ६०० ते ८४० मध्यम, त्यापुढे रुंद. अँड्रॉइड ३.० फक्त टॅबलेटसाठी होतं, पण त्याच वर्षी आलेल्या ४.० मध्ये गूगलने फोन आणि टॅबलेट पुन्हा एकत्र आणले, हेही लक्षात घ्या.

काम मुळातच निराळं असेल तर वेगळं ॲप जरूर करा; चित्रकारांच्या प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या ॲपने आयफोनसाठी पॉकेट नावाचं स्वतंत्र ॲप ठेवलं आहे. पण बातम्या, हिशेब, अभ्यास यांच्या ॲपना ती गरज नाही. तिथे दोन ॲप म्हणजे प्रत्येक चूक दोनदा दुरुस्त करणं.

‘ॲप उभंच लॉक करून टाका’ ही पळवाटही आता बंद होत चालली आहे: अँड्रॉइड १६ साठी बांधलेल्या ॲपचं असं बंधन ६०० डीपी आणि त्याहून मोठ्या स्क्रीनवर, गेम वगळता, पाळलंच जात नाही.