"मागून धडकलात तर चूक तुमचीच" हा मेसेज मावशीपर्यंत पोचलाच शेवटी

परवा रात्री साडेनऊला मावशीचा फोन, आवाज एकदम पडलेला. म्हणाली, अरे त्या मेसेजमध्ये लिहिलंय की उभ्या ट्रकवर केस होतच नाही, मग घेऊन टाकू का ते दीड लाख? मी म्हटलं कुठला मेसेज, तर "ट्रक अपघात आणि कायदा : प्रत्येकाला माहीत हवेत असे 6 मुद्दे", खाली हात जोडलेले आणि "वकील मित्राकडून साभार". माझ्या स्वतःच्या तीन ग्रुपवर आलेला होता, मी न वाचता सोडून दिलेला. चूक माझी.

झालंय असं की फेब्रुवारीत माझा मावसभाऊ मित्राच्या गाडीतून पुण्याहून गावाकडे येत होता, पुढच्या बाजूच्या सीटवर. इंदापूरच्या अलीकडे पहाटे एक ट्रक पंक्चर होऊन उभा होता, अर्धा खाली अर्धा रस्त्यावर. गाडी मागून घुसली. मित्र थोडक्यात वाचला, भावाचा खुबा आणि मांडीचं हाड मोडलं, दोन ऑपरेशनं, बिल 4 लाख 80 हजार. आणि ट्रकमालकाचा माणूस दीड लाख आणि स्टॅम्पपेपर घेऊन दोनदा घरी येऊन गेलाय. त्यात लिहिलंय "आमची कोणतीही तक्रार नाही व यापुढे क्लेम करणार नाही".

मी वकील नाही. कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं टेबल आहे, 11 वर्षं क्लेमचे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे अर्ज टाइप करतोय, तेवढ्या अनुभवावर सांगतो की हा मेसेज ज्याने लिहिलाय त्याने एकही क्लेमची फाइल उघडून बघितलेली नाही.

मुद्दा 1 : "मागून धडकेल त्याचीच चूक, उभ्या ट्रकवर केस होत नाही."

अर्धं खरं आहे, ते आधी सांगून टाकतो. चालत्या गाडीच्या मागे अंतर ठेवणं हे मागच्याचंच काम. एप्रिल 2018 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, ट्रकमागे कार होती 10-15 फुटांवर, ट्रकने ब्रेक मारला, कार घुसली, कोर्ट म्हणालं एवढं अंतर सुरक्षित नाही आणि ट्रकवाल्याला दोषी धरलं नाही. मान्य. पण तो ट्रक चालत होता रे बाबा! उभ्या ट्रकचं गणित वेगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम 122 सरळ सांगतं की दुसऱ्यांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी रस्त्यात सोडायची नाही.

आता आमचा घटनास्थळ पंचनामा बघा, मी स्वतः कॉपी काढून आणलीय. ट्रकची ड्रायव्हर साइडची चाकं डांबरावर. पार्किंग लाइट बंद. रिफ्लेक्टरचा त्रिकोण नाही. मग काय होतं? तर मागे पाच-सहा दगड आणि बाभळीची एक फांदी. हायवेने जाणाऱ्या प्रत्येकाने हे बघितलंय, टायर बदलून ट्रक निघून जातो आणि दगड तिथेच राहतात पुढच्या दुचाकीवाल्यासाठी. पहाटेच्या अंधारात 80 च्या स्पीडला बाभळीची फांदी दिसणार कोणाला आणि दिसली तरी थांबायला जागा कुठे.

सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टापुढे जवळपास हेच प्रकरण होतं. हायवेवर 14 चाकी ट्रेलर सोडून दिलेला, लाइट नाही, कसली खूण नाही, मागून कार घुसली. खालच्या कोर्टांनी कारचालकाची निम्मी चूक धरून भरपाई अर्धी कापली होती. सुप्रीम कोर्टाने ती कपात रद्द केली, जबाबदारी ट्रकवर टाकली. आणि आमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, कोर्ट म्हणालं की कारचालकाची थोडीफार चूक असेलही, पण ती आत बसलेल्या प्रवाशांच्या माथी मारून त्यांची भरपाई कापता येत नाही. माझा भाऊ प्रवासी होता! स्टिअरिंगला हातही लावला नव्हता त्याने. तरी गावातले लोक मावशीला सांगतायत की मित्राच्याच घरच्यांकडून घे पैसे.

गुन्हा मित्रावर नोंदवलाय हे खरंय, मावशी त्यानेच जास्त घाबरलीय. पण क्लेमचं कोर्ट एफआयआरला बांधलेलं नसतं. पुरावा बघून पारडं कुठे झुकतं ते ठरवतं, फौजदारीसारखं संशयापलीकडे सिद्ध करावं लागत नाही. आणि हे सगळं सोडा, कलम 164 खाली चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला 5 लाख आहेत, 1 एप्रिल 2022 पासून. हाड मोडलं की ती कायद्याने गंभीर दुखापत. म्हणजे दीड लाखवाला माणूस किमान रकमेच्याही एक लाख खाली बोली लावतोय. कुठल्या कलमाखाली अर्ज टाकायचा ते वकील ठरवेल, पण सही आधी नाही.

मुद्दा 2 : "मोठी गाडी आणि छोटी गाडी असेल तर चूक कायम मोठ्या गाडीची."

वरच्याच मेसेजमध्ये, मुद्दा 1 च्या लगेच खाली. म्हणजे ट्रक मोठा म्हणून त्याची चूक, पण उभा होता म्हणून त्याची चूक नाही. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज तरी वाचायचा. असा कायदा कुठेही नाही, पुढे.

मुद्दा 3 : "ट्रक ड्रायव्हरचं लायसन्स नसेल तर इन्शुरन्स कंपनी एक रुपया देत नाही."

हा ऐकून लोक क्लेमच टाकत नाहीत. जानेवारी 2004 चा नॅशनल इन्शुरन्सच्या केसमधला तीन न्यायाधीशांचा निकाल कुठल्याही क्लेमवाल्या वकिलाला झोपेतून उठवून विचारा. नुसतं लायसन्स खोटं किंवा संपलेलं निघालं म्हणून कंपनी सुटत नाही, मालकाचा हलगर्जीपणा होता हे कंपनीला सिद्ध करावं लागतं, आणि तेही केलं तर बऱ्याचदा कोर्ट सांगतं की आधी जखमीला द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. त्यांचं भांडण त्यांच्यात.

एक मात्र खरं आहे आणि ते मेसेजमध्ये नाहीये. मालवाहू गाडीत फुकट बसून जाणाऱ्यांना, म्हणजे आपलं वऱ्हाड आयशरमध्ये कोंबून नेतात ना, त्यांना ट्रकचा इन्शुरन्स लागू होत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2003 मध्येच म्हटलंय. मालासोबत जाणारा मालाचा मालक चालतो, वऱ्हाडी नाही. मग सगळा भार ट्रकमालकावर, आणि त्याच्याकडे असलं तर मिळणार. लग्नसराईत हे फिरवा की ग्रुपवर.

मुद्दा 4 : "ड्रायव्हर दोषी, मालकाचा संबंध नाही."

ड्रायव्हर कामावर असताना केलेल्या चुकीला मालक जबाबदार, हे पहिल्या दिवशीच्या ज्युनियरलाही माहीत असतं. ट्रक विकलाय, फक्त टीटी फॉर्म, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे कागद, बाकी आहेत असं सांगणारेही भेटतात. फेब्रुवारी 2018 चा निकाल आहे, आरसीवर ज्याचं नाव तो मालक, मधे गाडी चार हात फिरलेली का असेना. आमच्या ट्रकच्या आरसीवरचं नाव आणि स्टॅम्पपेपरवरचं नाव वेगळं आहे, हे मावशीला मीच दाखवलं.

मुद्दा 5, हेल्मेट नाही, ट्रिपल सीट, लायसन्स नाही म्हणून क्लेम बाद. दंड होईल तो वेगळा. जानेवारी 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय, बाइकवर तिघे होते एवढ्यावरून चूक ठरत नाही, त्यामुळे अपघात झाला हे दाखवावं लागतं. हेल्मेटवरून डोक्याच्या दुखापतीत थोडी कपात झालेली बघितलीय मी, पण बाद नाही.

मुद्दा 6 : "क्लेमला मुदत नाही, कधीही टाका."

याच्यावर मला सगळ्यात जास्त राग आहे, कारण हे एकेकाळी खरं होतं. 1994 मध्ये मुदतीची अट काढून टाकली होती. मग 2019 च्या दुरुस्तीने परत आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली, अपघातापासून 6 महिने. त्याला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलंय, पण त्या भरवशावर कोणी बसू नये. माझ्या टेबलावर बायका येतात, नवऱ्याचं वर्षश्राद्ध झाल्यावर, मेसेजमध्ये मुदत नाही लिहिलंय म्हणून.

आमचे पाच महिने उलटून गेलेत. अर्ज राहत्या जिल्ह्यातही टाकता येतो, इंदापूरला खेटे घालायची गरज नाही. सोमवारी वकिलाकडे जातोय, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, बिलं, आरसीची कॉपी सगळं एका फाइलला लावलंय. तो माणूस गुरुवारी परत येणार म्हणालाय. मावशीला सांगून ठेवलंय, चहा पाज, पेन देऊ नको.